डावीकडची गाठ

"मग ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही. बरोबर ना, मॅडम?"

डॉ. सौमित्र घोरपडेनं विचारलं खरं, पण उत्तराआधीच तो खुर्चीतून उठला होता. छातीच्या आजारांच्या परीक्षेत तो नुकताच पहिला आला होता आणि उसगावकर मॅडमच्या हाताखाली शिकायला मिरजेला आला होता.

समोर इस्माईल पिंजारींचा स्कॅन होता. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा माणूस. कॅन्सर उजव्या फुप्फुसात होता. तेवढाच असता, तर काढता आला असता. पण श्वासनलिकेच्या डाव्या बाजूची एक गाठही स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच उजळलेली दिसत होती. कॅन्सर तिथवर गेला असेल, तर कापून उपयोग नव्हता.

बाहेर बाकावर पिंजारी आणि त्यांची बायको बसले होते.

"त्यांना काय सांगणार आहेस?" मॅडमनी विचारलं.

"पसरलाय म्हणून."

"तू पाहिलास?"

"स्कॅनमध्ये..."

मॅडमनी पुढच्या तपासणीचा कागद ओढून घेतला. सौमित्र पुन्हा खुर्चीत बसला.

दोन दिवसांनी पिंजारींना गुंगी दिली आणि तोंडातून श्वासनलिकेत एक लवचिक नळी उतरवली. तिच्या टोकाशी सोनोग्राफी असते. भिंतीपलीकडच्या गाठी पडद्यावर दिसतात आणि तिथूनच सुई घालून त्यातल्या पेशी काढता येतात. मॅडमनी नळी सौमित्रच्या हातात दिली.

तो थेट उजवीकडे वळला. कॅन्सरच्या शेजारची गाठ मोठी होती, नेम चुकण्यासारखी नव्हती.

मॅडमनी त्याचं मनगट धरलं आणि सावकाश डावीकडे वळवलं.

"आधी लांबची."

"पण मॅडम, जवळ तर नक्की सापडेल."

"इथली सुई तिकडे नेलीस, तर इथल्याच पेशी तिकडे सापडतील."

त्यानं डावीकडच्या गाठीत सुई घातली. खोलीतच मायक्रोस्कोपवर बसलेल्या डॉक्टरांनी त्या पेशींची काच पाहिली आणि कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत म्हणून सांगितलं.

सौमित्र म्हणाला, सुई चुकली असेल.

"मग पुन्हा घाल."

त्यानं पुन्हा घातली. मग आणखी एकदा. कॅन्सर मिळाला नाही. मधल्या गाठींतही नाही. शेवटी तो उजवीकडच्या गाठीकडे आला, तिथे मात्र होता.

पक्का रिपोर्ट आठवड्यानं आला. डावीकडची गाठ क्षयानं सुजली होती. सर्जननी तो वाचला आणि ऑपरेशन करू म्हणाले. उजवीकडची गाठ फुप्फुसाच्या त्या भागाबरोबरच निघणार होती. क्षयाच्या गोळ्या आधी सुरू झाल्या.

पिंजारींना हे सौमित्रनंच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की नंतर फुंकता येईल का. निम्मं तरी येईल, असं तो म्हणाला. बायकोनं पदर तोंडाला लावला. बाकावरून ती दोघं बराच वेळ उठली नाहीत...

सौमित्र आत आला. मॅडम हात धूत होत्या. तो दाराशीच थांबला. हीच दोघं त्या दिवशी त्याचं ऐकून घरी गेली असती, तर...

"मॅडम, तो क्षय असणार हे तुम्ही स्कॅन बघूनच ओळखलं होतं ना?"

मॅडमनी नळ बंद केला. टॉवेलनं एकेक बोट पुसलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "मलाही तो कॅन्सरच वाटला होता."