अकरावी पायरी

तालुक्याच्या दवाखान्यात तळमजल्यावरची ऐसपैस खोली समितीचे अध्यक्ष दाजीसाहेब ढमाले यांची, आणि बाळंतपणाची खोली मात्र बावीस पायऱ्या वर. खोल्यांची अदलाबदल करा म्हणून डॉक्टर वत्सला खैरमोडे तीन वर्षं भांडत होत्या. दाजीसाहेब नुसते हसायचे. "डोंगर चढणाऱ्या बायका त्या. त्यांना बावीस पायऱ्यांचं काय एवढं?"

"खरंय," एक दिवस डॉक्टर म्हणाल्या. "मग आजची बैठक वरच घेऊ."

दाजीसाहेब तोऱ्यात निघाले. अकराव्या पायरीवर त्यांना धाप लागली. ते मटकन खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

डॉक्टरांनी पेला हातात दिला. "बसा निवांत. मंगळवारी पाड्यावरची सोनकी याच पायरीवर बाळंत झाली."

दाजीसाहेबांनी पेला तसाच खाली ठेवला. ते धडपडत उठू लागले.

"घाई नको साहेब. तुमच्या पोटात नुसतं जेवण आहे, तरी अकरा पायऱ्या उरल्यात. तिच्याही तेवढ्याच उरल्या होत्या."

दाजीसाहेब वर गेलेच नाहीत. खाली येऊन त्यांनी आपल्या दारावरची पाटी स्वतःच्या हातानं काढली.