चिमाईची घागर

फार वर्षांपूर्वी, तापीवर कुठे पूल नव्हता आणि पलीकडच्या बाजाराला नावेनेच जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. सांजवात झाली की आमच्याकडे ती सांगतात, आणि ऐकणाऱ्यानं मध्येच उठून जायचं नसतं.

तापीकाठच्या आवळखेडीत चिमाई नावाची कुंभारीण होती. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगा, भिवसन. चाक भिवसन फिरवायचा, कारण कुंभाराची बाई चाकाला बसत नाही. थापायचं, रंगवायचं, भाजायचं ते चिमाई करायची. गावाचं सगळं वर्ष तिच्या हातातून जायचं. संक्रांतीला सुगडं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट आणि दिवाळीला पणत्या. आणि देताना ती प्रत्येकीला काही ना काही सांगायचीच. "सुगड रिकामं देऊ नको गं, तीळ नसले तर दोन गोड शब्द घाल." "बैलाच्या पाया पड, तो मुका आहे, त्याचे उपकार आपणच बोलायचे." "घट अंधारात ठेवलास म्हणून घाबरू नको, बी अंधारातच रुजतं."

एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सकाळी भिवसन पणत्यांची पाटी घेऊन नावेत बसला. "दिवे लागायच्या आत येतो, माय. पहिली पणती मीच लावणार."

नाव मधल्या धारेत उलटली. पणत्या कितीतरी दिवस वाळूत सापडत राहिल्या. भिवसन सापडला नाही.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घरात मोडतो. पुढे कधी त्याच सणाला घरात बाळ जन्मलं किंवा गाय व्याली, तरच तो पुन्हा सुरू होतो. चिमाईच्या घरी ना सून, ना गाय. तिची दिवाळी मोडली ती मोडलीच.

आखाजी आली. घरोघर पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरल्या गेल्या. नथ्थू पाटील म्हणाले, "चिमाई, पोराची घागर भर. तहानलेला राहील तो."

"मेलेल्याची घागर भरतात, पाटील. माझा भिवसन यायचा राहिलाय, एवढंच."

भिवसनच्या जागी चिमाई स्वतःच चाकाला बसली, आणि गावानं ते चालवून घेतलं. रोज संध्याकाळी ती नदीकडे तोंड करून उंबऱ्यात बसे. दिवा मात्र लावत नसे.

मग त्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. घरटी एक तरी माणूस गेलं, असं म्हणतात. कुणी नागपंचमीला गेलं, कुणी राखीला. रडायला शेजारीण येईना, कारण शेजारणीच्या घरातही तेच. ज्या घराला ज्या दिवशी घाव बसला, तो सण त्या घरातून उठला. वर्षाच्या माळेतले मणी एकेक करून गळत गेले.

शेजारच्या झेलाबाईचा मुलगा पोळ्याच्या दिवशी गेला. आदल्या दिवशी त्यानंच चिमाईकडून बैल नेले होते. झेलाबाई ते बैल ओटीत घेऊन आली.

"घे बाई तुझे बैल. माझ्याकडे आता पोळा नाही."

चिमाईनं बैल पाहिले. एकाच्या शिंगाला पोरानं चिंधीचा गोंडा बांधला होता. तिनं तो गोंडा बोटांनी सारखा केला. मग म्हणाली, "झेला, तुझा पोळा माझ्याकडे ठेव. मी पुजते त्याच्या नावानं. तुझ्या घरी पाळणा हलला की घेऊन जा."

"असं कुठं असतं का?"

"नसेल. पण देव काय घर बघून बसतो? कुठंतरी त्याला पाट मिळाला म्हणजे झालं."

ही गोष्ट गावभर झाली. मग कुणी आपली नागपंचमी ठेवून गेलं, कुणी गौरी, कुणी दसरा. चिमाई एकेका घराचं नाव घेऊन एकेक सण करायची. आपल्या घासातला घास काढून नैवेद्य दाखवायची. लोक आपल्या घरी अंधारात बसत, पण पलीकडे चिमाईकडे आपला सण चाललाय, या विचारानं त्यांच्या घशाखाली दोन घास उतरत.

नथ्थू पाटलांना ते पटत नव्हतं. ते म्हणायचे, "चिमाई, हे घर आहे की सणांचा कोंडवाडा?"

"मग या ना सोडवून न्यायला. दंड नाही घेणार."

पण दुसऱ्या वर्षी दुखणं पुन्हा आलं, आणि ते नेमकं दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या एका दिवसात गावातल्या कितीतरी चुली विझल्या. पाटलांची तरणीताठी सून गेली. सुतक फिटल्यावर माणसं चिमाईच्या दारी आली. पुढे पाटील, कडेवर आईवेगळी नात.

"चिमाई, आमची दिवाळी ठेवून घे."

चिमाईनं हात जोडले. "सगळे सण ठेवले, पाटील. पण दिवाळी माझ्याकडेच मोडली आहे. मोडक्या पाटावर तुमचा देव कसा बसवू?"

नातीनं तेवढं विचारलं, "मग दिवे कुठं लावायचे?"

तो प्रश्न चिमाईच्या मनातून जाईना. हिवाळा गेला, होळी गेली, ती चाकाशी बसून तोच विचार करी. पहिली पणती भिवसन लावणार होता; त्याची वाट बघते आहे तोवर माझी दिवाळी त्याच्यासाठी अडून बसणार, आणि तिच्यामागे या लेकरांची. आणि वाट बघणं सोडलं, तर भिवसन खरंच गेला.

आखाजीच्या सकाळी तिनं आधीच घडवून ठेवलेली एक घागर उचलली. नदीवर गेली. घागर भरली, रीतीप्रमाणे वर खरबूज ठेवलं आणि पहिल्यांदा त्याचं नाव पितरांसारखं घेतलं. "भिवसना, पाणी पी रे राजा. लई वाट बघायला लावलं तुला." असं म्हणतात, की कुणी ओंजळ लावून प्यावं तसं घागरीतलं पाणी तिच्या डोळ्यांदेखत खाली खाली गेलं. त्या दिवशी चिमाई रडली. तोवर ती रडलीच नव्हती.

दिवाळी जवळ आली तसा तिनं आवा, म्हणजे भाजायची भट्टी, रचला. सगळ्या गावाच्या पणत्या त्यात भाजायला घातल्या. गाव बघत होतं. मोडलेल्या सणाला आवा लावत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या घरात जन्मायला दुसरं कुणी उरलं नाही. आव्याच्या पोटातून येईल ते माझं."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमाराला तिनं आवा उघडला. वरची राख बाजूला केली. राख कधीच थंड झाली होती. आणि मधोमध, तेल नाही, वात नाही, एक पणती जळत होती.

ती कुणी लावली, हे चिमाईला सांगावं लागलं नाही.

झेलाबाई ओरडली, "बायांनो, चिमाईच्या घरी जन्म झाला! पाळणा म्हणा!" आणि बायका त्या पणतीला मधे घेऊन रडत रडत पाळणा म्हणू लागल्या. मग प्रत्येक घरानं त्या ज्योतीवरून आपली पणती लावून नेली. पाटलांच्या नातीची पणती चिमाईनं स्वतः तिच्या हातात धरवली.

पुढची आखाजी चिमाईनं पाहिली नाही. उन्हाळा लागायच्या आतच ती गेली, नदीकडे तोंड करून, उंबऱ्यातच. तिची घागर भरायला मागे कुणी नव्हतं. आखाजीला नथ्थू पाटलांनी ती घागर भरून स्वतःच्या खांद्यावर वाहून आणली.

तेव्हापासून आवळखेडीत दिवाळीला पहिला आवा उघडताना बायका पाळणा म्हणतात. कुणाच्या घरी सण मोडला की शेजारीण दारात येते आणि म्हणते, "माझ्याकडे ठेव." आणि आखाजीला प्रत्येक घरात एक घागर जास्तीची भरतात. तिच्यापुढे कुणाचं गोत्र म्हणत नाहीत. संध्याकाळी घरातली बाई त्या घागरीला हात लावून बघते. बाहेरून ओल आली असली, की लेकरांना सांगते, "चिमाई पाणी प्यायली रे. आता दिवा लावा."