चिंबाईनं खालून पाहिलेली जीप

आटपाट डोंगर होता. त्याच्या पायथ्याशी दगडू खेकडा, त्याची बायको चिंबाई आणि त्यांची पिल्लं राहत. एका वर्षी ओढा आटला, पिल्लांच्या पाठी सुकू लागल्या. डोंगरापलीकडे डोह होता, पण वाट नुसती धोंड्यांची. म्हणून नवराबायको जीप घ्यायला बाजारात गेली.

नवी जीप लालचुटूक होती. ती तोऱ्यात म्हणाली, "मला अजून चिखलाचा शिंतोडासुद्धा लागलेला नाही." शेजारी पोचे आलेली जुनी जीप उभी होती.

"नवीच घेऊ गं, चारचौघांत शोभेल," दगडू म्हणाला.

"चारचौघं वरून बघतात. मला खालून बघू द्या," म्हणत चिंबाई तिरकी तिरकी दोघींच्या पोटाखालून फिरून आली. जुनीच्या पोटाला ओरखडे होते, तडा मात्र कुठंच नव्हता. चाकामागं ओलं शेवाळ चिकटलं होतं.

"हे कुठलं गं, बाई?"

"पलीकडच्या डोहातलं. सकाळीच जाऊन आले," जुनी म्हणाली. "पण चढाला मी धापा टाकते हो, आधीच सांगते."

"टाक की! यांचं घोरणं ऐकतेच आहे मी इतकी वर्षं."

त्यांनी जुनीच घेतली. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पिल्लं डोहात डुंबू लागली. त्या पाण्यावर दगडू-चिंबाईचं घर नातवंडा-पतवंडांनी भरून गेलं.