फांदीएवढी भरपाई

बाभळीला नुकतेच काटे फुटले होते, त्या काळची ही गोष्ट. बाभळीच्या फांदीवर पिवळू नावाचा सुगरण पक्षी घरटं विणत होता. खाली एका रेड्याने पाठ खाजवायला बुंध्याला अंग घासलं. रेडाच तो, वर बघतो कुठे! झाड हादरलं, घरटं तुटलं आणि त्याच्यासोबत खाली आपटलेल्या पिवळूचा पंख कायमचा निकामी झाला.

तंटा घोरपडीकडे गेला. तिने रेड्याला दोषी ठरवलं आणि पिवळूला विचारलं, "तुझं काय काय गेलं?"

"हे घरटं गेलं, पुढची सगळी गेली. आमच्यात मादी आधी घरटं बघते, मग नवरा. म्हणजे संसारही गेला. आणि दुखतंय ते वेगळंच."

"गवत मोजता येतं, दुखणं कशाने मोजू?" घोरपड म्हणाली. "रेडेदादा, याला गवत द्या. पण ढीग फांदीच्या वर जायचा नाही. नाहीतर उद्या रानात गवतच उरणार नाही."

रेड्याने इमानाने थेट फांदीपर्यंत ढीग रचला. "पाखराचं नशीब उघडलं!" सगळे म्हणाले.

ते गेल्यावर पिवळूने सवयीने एक लांब पात चोचीत धरली, वर फांदीकडे पाहिलं आणि ती हळूच ढिगावर परत ठेवली.