पहिल्या पायरीवरचे नारळ

निंबळगडच्या राजांनी डोंगरावरच्या देवीच्या देवळाला पायऱ्या बांधून घेतल्या. आराखडा दिवाण त्र्यंबकपंतांचा, आणि एकेक पायरी गुडघाभर उंच! दगड घडवणारी तिमाक्का पाथरवटीण पहिल्या दिवसापासून सांगत होती, "पायऱ्या उंच होतायत." काम संपलं तरी तिचं तेच चालू. शेवटी पंतांनी तिला भर दरबारात उभं केलं.

"सरकार, महिनाभर मी स्वतः देवळाच्या दारात बसलो. येईल त्याला विचारलं, पायऱ्यांचा त्रास होतो का? एकजात सगळे नाही म्हणाले. ही बाई उगाच नावं ठेवते. हिला गावाबाहेर काढा."

तिमाक्का म्हणाली, "सरकार, पंत बसले वर. ज्याला त्रास झाला, तो वर पोचलाच नाही. त्याला कोण विचारणार? एकदा खाली बसून बघा."

मंगळवार होता. राजे पंतांना आणि तिमाक्काला घेऊन तडक पायथ्याशी गेले. पहिल्या पायरीशी करवंट्यांचा हा ढीग! ज्यांना चढवत नव्हतं, ते तिथेच नारळ फोडून परतत होते. त्यांच्यातच आईसाहेब होत्या.

"आईसाहेब, तुम्ही इथे? दर मंगळवारी तर दर्शन छान झालं म्हणता!"

"तुम्ही इतक्या हौसेनं बांधल्यात, राजे. तोंडावर कसं सांगायचं?"

राजांनी पंतांच्या हातातला आराखडा काढून तिमाक्काला दिला. "पायरी केवढी हवी, तूच सांग."

"मला विचारू नका, सरकार," तिमाक्का म्हणाली, "आणि आईसाहेबांनाही विचारू नका. त्या पाय जेवढा उचलतील, तेवढी पायरी."