उंदरिणीचं नाणं

उंदीरही माणसांसारख्या वाटण्या करत, त्या काळची ही गोष्ट. एक म्हातारी उंदरीण मागे जुनं, चांदीचं नाणं ठेवून गेली. तिचे मुलगे कुरतू आणि भुरकू त्यावरून एकमेकांच्या शेपट्या ओढेपर्यंत भांडले. शेवटी नाणं पारखायला ते लोहचुंबकाकडे गेले.

“खरी चांदी मला चिकटत नाही,” चुंबक म्हणाला. तेवढ्यात नाणं टणकन त्याला चिकटलं.

“दादा, तूच ठेव. तू थोरला,” भुरकू लगेच म्हणाला.

“नको रे, आईचा जीव तुझ्यावर जास्त होता,” कुरतू म्हणाला.

“मग मला द्या,” त्यांची बहीण पिंगी म्हणाली. “आई रोज त्यात बघून मिशा विंचरायची.”

चुंबकाने जन्मात पहिल्यांदाच आपणहून पकड सोडली.