रंगाखालची चीर

गाड्यांच्या भागांना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. जीप चालवणाऱ्या केरूबाईंनी मोबाइलवर फोटो पाहून वामनरावांचा जुना रेडिएटर विकत घेतला. पाणी भरताच तो गळू लागला, म्हणून त्या तो घेऊन वामनरावांच्या दारात गेल्या.

"माझ्याकडे ठणठणीत होता. तुम्हीच फोडलात!" वामनराव म्हणाले.

वीस वर्षं घाट चढलेल्या रेडिएटरला हे सहन झालं नाही. "बाईंना बोल लावू नका. चीर जुनीच आहे, तुम्ही ती रंगाखाली लपवलीत."

"गप्प! भंगारात जाशील."

"जाईन, पण खोटेपणाने कुणाच्या गाडीत बसणार नाही."

वामनरावांची मान खाली गेली. केरूबाई म्हणाल्या, "असा खरा गडी मला हवाच." त्यांनी रंग खरवडून चिरेला कथलाचा डाग देऊन ती बुजवून घेतली. जीप घाटमाथ्यावर पोचली, तेव्हा थेंबही गळला नव्हता. रेडिएटर तो डाग मिरवत ताठ बसला होता.